नानांच्या शाली : कामाच्या नोंदी, सांगली

१६ ऑक्टोबर २०२४

आज माईंकडची ट्रंक उघडली. गावभागातलं जुनं घर, माडीवरची खोली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा या घराचा तळमजला पाण्याखाली होता. ट्रंक माडीवर होती म्हणून वाचली, पण त्यानंतर तिचं झाकण कुणी उघडलेलं नाही. पाणी लागलं नाही, ओल मात्र पाच पावसाळे मुरली.

नाना म्हणजे माईंचे सासरे. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. आयुष्यभरात झालेल्या सत्कारांच्या शाली या ट्रंकेत, आणि तळाशी घरातल्या बायकांच्या जुन्या दोन-तीन. माईंचं म्हणणं सरळ आहे : "जानेवारीत नातवाचं लग्न आहे. त्याआधी बघ गं, यात अंगावर घेण्याजोगं काय उरलंय. नाहीतर माझ्यामागे पोरं सगळा गठ्ठा कुणाला तरी देऊन टाकतील."

जवळजवळ प्रत्येक शाल दुकानातून आली तशीच पारदर्शक पिशवीत. मधेमधे डांबरगोळ्या, काही विरून नुसता पांढरा चुरा झालेल्या. झाकण उघडताच डोळे चुरचुरले. खिडक्या सताड उघडून पंखा लावला आणि आम्ही दोघी खाली जाऊन बसलो.

कामाची जागा : जेवणाच्या टेबलावर धुतलेली पांढरी चादर. बांगड्या, अंगठ्या उतरवायच्या, हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. कुठलीही शाल झटकायची नाही. झटकली की किड्यांची अंडी खोलीभर पसरतात आणि कमकुवत झालेली वीण तिथेच उसवते. दोन्ही तळहात खाली घालून उचलायची. चादरीवर जे काही पडेल ते काचेच्या बाटलीत ठेवायचं, कारण नेमकं काय लागलंय हे त्यावरूनच कळतं.

१७ ऑक्टोबर

वर्गवारी. साठाच्या वर शाली निघाल्या. त्यातल्या बहुतेक अॅक्रिलिक किंवा व्हिस्कोसच्या, मशीनच्या जरीचा काठ असलेल्या. चार सभागृहांत चार सत्कार झाले तरी शाल तीच. त्यात वाईट काही नाही. पण त्यांना किडा लागत नाही आणि लोकरीच्या शालीला लागतो, म्हणून आधी या दोन जाती वेगळ्या करायला हव्यात.

अंगठीतून शाल आरपार ओढून दाखवायची जुनी परीक्षा मी करत नाही. पातळ व्हिस्कोसही अंगठीतून सहज जातं, आणि भरतकाम असलेली खरी शाल त्यात अडकून फाटू शकते. त्यापेक्षा दशांमधला एखादा सुटलेला धागा चिमट्यात धरून बशीवर जाळून बघते. लोकर चरचरत जळते, जळक्या केसांचा वास येतो, ज्योत बाजूला नेली की विझते आणि राख बोटांत चुरली जाते. अॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं भुर्रकन जातं. यातून लोकर आहे एवढंच ठरतं. मेंढीची की पश्मिना, म्हणजे शेळीची मऊ लव, ते जाळून कळत नाही, कारण दोन्ही केराटिनच, केसांतलं प्रथिन.

लोकरीच्या पाच निघाल्या. दोन साध्या, बिनकामाच्या. तीन हातच्या भरतकामाच्या, आणि आपलं खरं काम या तिघींवर :

पहिली, मोतिया रंगाची, चारी कडांना सोझनी, म्हणजे सुईचं बारीक काश्मिरी भरतकाम. कोपऱ्यात कोयऱ्या, त्यांच्या पोटात बारीक फुलं. टाका इतका बारीक की भिंगाशिवाय सुटा दिसत नाही. एका कोयरीच्या टोकाशी टाका घालायचा राहून गेलाय आणि तिथे छाप्याची फिकट रेघ अजून दिसते. सोझनीत आधी नक्काश नक्षी काढतो, तिचे लाकडी ठसे कापडावर उठवतात आणि मग कारागीर त्या रेघेवरून सुई चालवतो. एका शालीला महिने लागतात, भरगच्च कामाला वर्षं.

दुसरी, गर्द वांगी रंगाची, आरीकामाची. आकड्याच्या सुईने घातलेली साखळी, वेल ठसठशीत. कापड रफलचं वाटतं, म्हणजे मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचं. हिला भोकं आहेत.

तिसरी माईंच्या सासूबाईंची, काळी, तिल्ल्याच्या कामाची. धातूची तार जागोजागी काळवंडलीय, आणि सुती धाग्याने टाचलेली ती तार दोन ठिकाणी सुटून वर आलीय.

मशीनकाम की हातकाम हे ओळखायला शाल उलटी करावी. मशीनच्या कामाला खालून बॉबिनचा एकसारखा दुसरा धागा असतो आणि एका फुलातून दुसऱ्या फुलाकडे लांब उड्या मारलेल्या दिसतात. हाताच्या कामात टाक्यांची लांबी किंचित कमीजास्त होते, धागा जिथल्या तिथे बंद केलेला असतो. मोतिया शालीची उलटी बाजू बघून माई म्हणाल्या, "ही बाजू वर घेतली तरी कुणाला कळायचं नाही."

१९ ऑक्टोबर

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत मोतिया शालीचे दशांतले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. बहुतेक १४ ते १५ मायक्रॉनच्या आसपास. पश्मिन्याचा तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉनचा असतो, माणसाचा केस याच्या चारपट तरी जाड. आटपाडी-जतकडच्या दख्खनी मेंढीची लोकर, जिची आपली घोंगडी होते, तीही याच्या दुपटीहून जाड. म्हणून घोंगडी टोचते, ऊन-पाऊस झेलते, तिला चिंचोक्याची खळ लावता येते. पश्मिन्याला यातलं काहीच सोसत नाही.

हा तंतू लडाखमधल्या चांगथांग पठारावरच्या चांगथांगी शेळीचा. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वरचा मुलूख. तिथल्या थंडीत शेळीच्या राठ केसांखाली मऊ लव वाढते, आणि थंडी सरताना ती सुटू लागते तेव्हा विंचरून काढतात. काश्मिरात बायका ती चरख्यावर कातायच्या आणि हातमागावर कापड व्हायचं. तंतू आखूड आणि नाजूक, त्यामुळे यंत्रावर कातायचा तर त्यात बऱ्याचदा नायलॉन मिसळून मग काढून टाकावं लागतं. हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या काश्मिरी पश्मिन्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

संध्याकाळी माईंच्या पुण्याच्या पुतण्याचा फोन. "ही शाहतूश तर नाही ना? लाखांत जाते म्हणे." नाही, आणि नाही ते बरंच आहे. शाहतूश तिबेटी हरणाची, चिरूची, आणि ती मिळवण्यासाठी चिरू मारावा लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिचा व्यापार गुन्हा आहे. त्याला हे नीट समजावून सांगितलं.

२१ ऑक्टोबर

बाटलीतला कचरा भिंगाखाली पाहिला. दोन प्रकार निघाले. एक, कापसासारख्या पांढऱ्या नळ्या आणि जाळं : हा कपड्यांच्या पतंगाच्या अळीचा माग. दुसरा, तपकिरी, केसाळ, पोकळ टरफलं : ही गालिच्याच्या भुंग्याच्या अळीने टाकलेली कात. आपण दोन्हींना सरसकट कसर म्हणतो.

हे लिहून ठेवते, कारण माईंसकट घरातल्या सगळ्यांचा समज उलटा होता. संध्याकाळी दिव्याभोवती घिरट्या घालणारं पाखरू शाल खात नाही. कपड्यांचा पतंग मुळात उजेडापासून पळतो, आणि मोठा झाल्यावर काहीच खात नाही. खाते ती अळी, अंधारात, घडीच्या आत. तिला केराटिन पचतं, पण नुसत्या स्वच्छ लोकरीवर ती नीट वाढत नाही. घाम, तेल, सांडलेलं दूध, सत्काराच्या वेळचा पेढ्याचा हात, यांतून तिला बाकीचं पोषण मिळतं. वांगी शालीची भोकं बघा : निम्म्याहून जास्त मानेशी येणाऱ्या पट्ट्यात. न धुता, न वारा देता घडी करून ठेवलेली शाल म्हणजे तिच्यासाठी मांडून ठेवलेलं पान.

उपाय गारठ्याचा. औषध फवारायचं नाही, त्याचे डाग पडतात आणि रंगांवर काय होईल सांगता येत नाही. पाचही शाली जुन्या धुवट मलमलीत सैल गुंडाळल्या, जाड पॉलिथिनमध्ये घातल्या, हवा दाबून काढली, तोंड चिकटपट्टीने बंद केलं. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्यांनी डीप फ्रीझरचा एक कप्पा रिकामा करून दिला. उणे १८ अंश, दोन आठवड्यांच्या वर. घरच्या फ्रीजचं दार सारखं उघडतं, तिथे तापमान टिकत नाही. इतक्या गारठ्यात अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. पण हा उपाय एकदाचाच असतो, त्याने शालीला कवच येत नाही.

तोपर्यंत ट्रंक रिकामी करून पुसली, सांध्यांतली धूळ व्हॅक्यूमने ओढली, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. ऊन ट्रंकेला चालतं.

५ नोव्हेंबर

रंगभूमी दिन. १८४३ मध्ये याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला, त्यामुळे आज गावात कार्यक्रम. माई जाऊन आल्या आणि मोतिया शालीची गोष्ट सांगत बसल्या. ती नानांना एका नाटकमंडळीच्या मालकांनी दिली, सभागृहात नव्हे, प्रयोग संपल्यावर विंगेत. नाना ती थंडीत पहाटेच्या रियाजाला अंगावर घ्यायचे. पुढे त्यांचं नाव झालं, सत्कार वाढले, "मग ही शाल जपायची म्हणून ट्रंकेत गेली ती गेलीच."

वापरात होती तोवर तिला एकही भोक पडलं नव्हतं.

७ नोव्हेंबर

पिशव्या काल फ्रीझरमधून काढल्या आणि बंदच ठेवल्या. पूर्ण एक दिवस. लगेच उघडल्या तर बाहेरच्या हवेतलं बाष्प थेट लोकरीवर जमतं, बंद पिशवीत ते पॉलिथिनच्या बाहेरच्या बाजूला साचतं. आज उघडल्या, मग नायलॉनची बारीक जाळी शालीवर पसरून व्हॅक्यूम अगदी कमी जोरावर फिरवला. मेलेल्या अळ्या, जाळं, धूळ, सगळं निघालं. तिल्ल्याच्या कामावर व्हॅक्यूम नाही, तिथे नुसता मऊ ब्रश, तोही तारेच्या दिशेने.

१० नोव्हेंबर

पाणी लावायचं की नाही हे आज ठरवलं.

मोतिया शालीवर दोन डाग : खांद्याशी हळदीचा, छातीशी कुंकवाचा. औक्षण करताना पडलेले असणार. माईंना ते काढून हवेत. सांगलीत राहून हळदीला कोण ओळखत नाही, पण लोकरीवर ती काय करते हे बघण्यासारखं आहे. हळदीतलं कर्क्युमिन हा स्वतःच रंग आहे, लोकर तो आत ओढून घेते. कपड्याचा साबण लावला तर साबणातल्या अल्कलीने डाग लालभडक होतो. उन्हात तो उडतो हे खरं, पण त्याच उन्हाने रेशमी टाक्यांचे रंगही उडतील आणि लोकर पिवळी, ठिसूळ होईल. स्पिरिटमध्ये कर्क्युमिन विरघळतं, पण विरघळून पसरतंसुद्धा.

त्याआधी रंगांची परीक्षा. भरतकामातल्या प्रत्येक रंगावर, उलट्या बाजूने, ओलसर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा काही मिनिटं दाबून धरला. हिरवा, निळा, मोहरी रंग टिकले. लाल सुटला, तोही नुसत्या पाण्याने. म्हणजे या शालीला पाणी नाही, रिठा नाही, काही नाही. ड्रायक्लीनसुद्धा नको : तिथे शाल यंत्रात घुसळली जाते आणि वर दाबून इस्त्री होते. साध्या दोन शालींपैकी एक पूर्वी अशी दिली होती, ती आता हाताला निर्जीव, सपाट लागते.

माईंना म्हटलं, डाग राहू द्या. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. त्यांचं औक्षण माझ्या सासूबाईंनीच केलेलं असणार." माझं कारण लाल धाग्याचं होतं, त्यांचं वेगळं, पण निर्णय एकच.

वांगी शालीचे सगळे रंग टिकले. ती धुवायची.

१४ नोव्हेंबर

वांगी शाल धुतली.

रिठे काल रात्री भिजत घातले होते. सकाळी मंद आचेवर उकळी, मग थंड करून मलमलीतून दोनदा गाळलं. रिठ्याचं पाणी तपकिरी असतं, पांढऱ्या-मोतिया लोकरीवर त्याची छटा चढू शकते. गर्द रंगाला भीती नाही. लोकर अल्कली सोसत नाही, रिठा अल्कली नाही, म्हणून आपल्या घरांत रेशमाला-लोकरीला पूर्वापार तोच. बाजारातल्या ज्या पावडरींत प्रथिनांचे डाग खाणारी एन्झाइम असतात, त्या लोकरीलाही खातात, ती प्रथिनच आहे. आणि क्लोरीनचं ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं.

पाणी फिल्टरचं, कारण इथल्या बोअरच्या पाण्यातले क्षार लोकरीत बसून राहतात. पसरट टब. भोकांना आधी दोन्ही बाजूंनी नेटचे तुकडे सैल टाक्यांनी लावून घेतले. शाल मच्छरदाणीच्या कापडावर पसरून त्या कापडासकट पाण्यात सोडली. ओली शाल स्वतःच्या वजनाने ताणली जाते, म्हणून तिला कधीही टोकाला धरून उचलायचं नाही. पाच-सात मिनिटं तळहाताने नुसतं दाबायचं, सोडायचं. चोळणं नाही, पिळणं नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ऊब, ओल आणि घर्षण एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं, ते परत सुटत नाही. म्हणून धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी एकाच तापमानाचं, खोलीतलं.

पहिलं पाणी चहासारखं आलं. माई खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी नितळ येईपर्यंत बदललं. शेवटच्या पाण्यात व्हिनेगरचे चार थेंब. मग शाल मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली, कोरड्या टॉवेलने पुन्हा, आणि पलंगावर चादर घालून सावलीत, पंख्याखाली आडवी पसरली. कडा हाताने सरळ करून चौकोन जुळवला. दोरीवर नाही : दोरीचा वळ पडतो आणि आरीची साखळी ओढली जाते.

रात्री हात लावला तर रंग उजळलेला, आणि पानापानातला फरक पहिल्यांदाच दिसला. कारागिराने एकाच वेलीत हिरव्याच्या तीन छटा घातल्या आहेत. इतकी वर्षं त्या धुळीखाली होत्या.

२८ नोव्हेंबर

भोकांसाठी पुण्यात बसणाऱ्या एका रफूगारांकडे वांगी शाल घेऊन गेले. ते मूळचे उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या शालींचं रफू करणारी घराणी आहेत. त्यांनी शाल उजेडासमोर धरली, बोट न लावता भोकं पाहिली आणि आधी दशा मागितल्या. रफूचा धागा शालीतूनच घ्यायचा : तीच लोकर, तोच पीळ, तितकाच फिका झालेला रंग. मग उभ्या धाग्यांची जागा भरायची, मग आडव्या, प्रत्येक धागा भोकाच्या कडेपलीकडे थोडा शाबूत विणीत नेऊन सोडायचा. ओढून घट्ट केला तर पुढच्या वापरात कडेलाच फाटतं.

जिथे आरीची वेलच खाल्ली गेलीय तिथे नवी वेल घालायला त्यांनी नकार दिला. खालची वीण भरतो, म्हणाले, फूल ज्याचं होतं त्याचं. मला हे पटलं. नव्या धाग्याचा रंग जुन्याशेजारी कायम ओरडत राहतो, आणि ज्याने तीन हिरव्या छटा निवडल्या त्याच्या हाताची नक्कल आपण का करावी?

१२ डिसेंबर

अॅक्रिलिकच्या शालींचं काय करायचं हे माईंनी एका दमात ठरवलं. गळीत हंगाम चालू आहे, कारखान्याच्या वाटेवर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या खोपी पडल्या आहेत, पहाटे थंडी चांगलीच असते. पिशव्या काढून, धुऊन, वाळवून त्या तिथे पोचवल्या. आठवण म्हणून ज्यांच्यावर तारीख किंवा चिठ्ठी होती त्यांचे फोटो काढून वहीत नोंद केली.

२० डिसेंबर

वांगी शाल रफू होऊन आली. भोकं कुठे होती ते मला वहीतल्या आकृतीवरूनच शोधावं लागलं.

आज ठेवणीचं काम. डांबरगोळ्या घरातून हद्दपार. नॅफ्थलीनची वाफ विषारी आहे, आणि ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळल्यामुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याचं वैद्यकात नोंदलेलं आहे. उद्या या घरात पणतू येईल आणि कुणीतरी हौसेने त्याला नानांच्या शालीत घेईल. माईंना हे सांगितल्यावर उरलेला चुरा त्यांनी स्वतः उभं राहून काढायला लावला. त्याऐवजी वेखंडाचे तुकडे, मलमलीच्या पुरचुंडीत, शालीला न लागतील असे. वेखंडाने कसर मरत नाही, फार तर दूर राहते. भरवसा ठेवायचा तो उघडून बघण्यावर.

प्लॅस्टिकची पिशवी नाही. आत ओल कोंडते, आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. सांगलीचा पावसाळा एवढ्याला पुरेसा आहे. मलमल नवी असेल तर आधी उकळून खळ काढायची, खळीला झुरळं येतात. मोतिया शाल साडीच्या दुकानातून आणलेल्या रुंद पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळली : पुठ्ठ्यातलं आम्ल लागू नये म्हणून आधी ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर मलमल, मग शाल, भरतकाम बाहेरच्या अंगाला, म्हणजे चुण्या पडल्याच तर उलट्या बाजूला पडतील. वांगी शालीची घडी, पण प्रत्येक मोडीत मलमलीची गुंडाळी, आणि दर वेळी मोड वेगळ्या जागी. लोकर एकाच रेघेवर वर्षानुवर्षं मोडली की तिथेच चिरते.

ट्रंक बाहेरच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे, विटांवर.

आपल्याकडे सत्काराची शाल अंगावर घातली जाते ती व्यासपीठावर, दोन मिनिटं. घरी आली की पिशवीत, पिशवी ट्रंकेत, आणि मग तिला हात लावणं हाच अपमान वाटतो. माझं म्हणणं आहे की या शालींचं जे काही नुकसान मी या दोन महिन्यांत पाहिलं, ते या आदराने केलेलं आहे. शाल रोज अंगावर राहिली असती तर विरली असती, हे मान्य. पण तिने नानांना ऊब दिली असती.

१८ जानेवारी २०२५

लग्न झालं. माईंनी मोतिया शाल घेतली. आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं : शालीला पिन लावायची नाही, अत्तर आधी लावून वाळू द्यायचं आणि मग शाल, जेवताना ती खुर्चीवर टाकायची नाही, कुणीतरी हातावर घ्यायची. मंगळसूत्राच्या वाट्या सोझनीत अडकतात म्हणून सूनबाईंनी ती घेऊन बघताना गळ्याशी रुमाल धरला. हळदीचा डाग निऱ्यांच्या बाजूला वळवून घेतला.

परत आल्यावर लगेच गुंडाळली नाही. रात्रभर पलंगावर, खिडकीपासून लांब, वाऱ्याला पसरून ठेवली. सकाळी मऊ ब्रश, भिंगाने मानेची आणि कडेची तपासणी, मग नळीवर.

तिल्ल्याच्या शालीचं काम बाकी. काळवंडलेली तार मी घासणार नाही. चिंच, लिंबू, चांदीची पावडर, काहीही लावलं तरी ते खालच्या लोकरीत उतरतं. सुटलेली तार जुळत्या रंगाच्या बारीक सुती धाग्याने पुन्हा टाचायची, एवढंच. तिची घडी करायची नाही, ती आडवी ठेवायला सपाट खोका लागेल. सुताराला माप दिलंय, पण कच्च्या लाकडाची वाफ धातूला काळं करते म्हणून त्याला पत्र्याचा करायला सांगितलंय.

पुढची उघडणी होळीच्या आधी, नंतर पावसाळ्यात उघडीप मिळेल तशी, आणि पाऊस संपल्यावर नक्की. वहीची एक प्रत माईंच्या नातसुनेकडे दिली. तिने पहिल्याच पानावर विचारलं की साध्या दोन शालींपैकी एक ती आत्तापासून वापरू शकते का. उद्या येऊन कुठली ते दाखवते.